मलप्पानं केलेली भोकांची पेटी

हिरवी पेटी सांगितली की मलप्पा निळी करून ठेवायचा आणि गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत म्हणायचा, "हिरव्यावर धूळ लई दिसती." निळी सांगितली की हिरवी व्हायची. मला आधी वाटलं, बिचाऱ्याला रंग ओळखू येत नसतील. तसं काही नव्हतं. माणूस उफराट्या खोपडीचा होता, एवढंच.

मी गणिताची बाई. पोरं मला तोंडावर चंद्रप्रभा मॅडम म्हणतात, पाठीमागं काय म्हणतात तेही मला माहीत आहे. २००२ साली लातुरात माझे अकरावी-बारावीच्या शिकवणीचे तीन वर्ग चालायचे आणि नेमकं माझ्या हॉलच्या खाली मलप्पाचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. त्या दिवसांत लातूरला पोरगं शिकायला ठेवलं म्हणजे अर्धा डॉक्टर झालाच, असं सगळ्या मराठवाड्याला वाटत होतं. जून उजाडला की किनवटपासून देगलूरपर्यंतची पोरं एसटीतून उतरायची. बापाच्या डोक्यावर गादी, पोराच्या हातात मार्कांचा कागद, आणि दोघं आधी मलप्पाच्या दुकानात. होस्टेलवर राहायचं तर कुलपाची पेटी पाहिजेच. मग वर माझा आवाज आणि खाली त्याची हातोडी यांची रोज शर्यत लागायची, आणि हातोडीचा घसा काही बसत नसे.

एका सकाळी मी भांडायलाच खाली उतरले. मलप्पा कपाळाला विभूतीचे पट्टे ओढून, मांडी घालून पत्र्याला कातर लावत होता. वय पन्नाशीचं, अंगानं सडसडीत.

"मलप्पा, अहो, दहा ते बारा तरी ठोकू नका."

"धा ते बाराच तर हात चालतोय, बाई."

"मग लाकडाच्या करा पेट्या. एवढा आवाज तरी होणार नाही."

"होऊ द्या की आवाज. दगड माणूस मारतोय, बाई. पत्रा नुस्ता बोंबलतोय."

असं वाक्य आमच्या भागात कुणी उगीच बोलत नाही. मी विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"

"तळणेवाडी."

माझं भांडण तिथंच संपलं. भूकंपाआधी सहा वर्षं मी तळणेवाडीच्या हायस्कुलात गणित शिकवत होते, रोज लातूरहून एसटीनं जाऊन-येऊन. त्र्याण्णव साली गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे ते दगडी घरांचं गाव बसलं. मी लातूरला होते म्हणून वाचले. मलप्पाही लातूरला होता म्हणून वाचला. त्याची बायको गुणाबाई गावात होती.

त्याच वर्षीच्या पाडव्याला त्यानं लातूरला दुकान टाकलं होतं. गुणाबाई शेवटपर्यंत "नका जाऊ" म्हणत राहिली. हा गेला. म्हशी विकल्या की येते, असं ती म्हणाली आणि म्हशी काही विकल्या गेल्या नाहीत. त्यांची एकुलती एक लेक सुकन्या त्या मे महिन्यातच अर्धापूरला लग्न होऊन गेली होती. तिनं गुणाबाईच्या दिवसाच्या जेवणात, चार पाहुण्यांच्या देखत बापाला सांगितलं, "आई नको म्हणत हुती. तुमी तिला टाकून गेलाव." तेव्हापासून नऊ वर्षं मलप्पानं अर्धापूरचा उंबरा ओलांडला नव्हता. हे सगळं त्यानं मला पत्रा कापता कापता सांगितलं आणि एक रेघ वाकडी कापली.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मलप्पा, तुमच्या गुणाबाईंचं बोलणं माझ्याकडं आहे."

इथं थोडं मागं जाते. ब्याण्णवच्या हिवाळ्यात मी नववीच्या पोरांना सांख्यिकी शिकवत होते. पुस्तकातली उदाहरणं मुंबईच्या पावसाची होती, ती पोरांच्या डोक्यावरून जायची. म्हणून मी पोरांना वही देऊन गावात पाठवलं. दोनशे बारा घरं, घराला पाच प्रश्न. माणसं किती, जनावरं किती, शिकलेले किती, पाणी कुठून आणता, आणि पाचवा पोरांच्या हट्टाखातर: तुमच्या मनात काय आहे? नियम एकच, लोक सांगतील तसंच लिहायचं, शहाणपण करायचं नाही. मग एका साखर कारखान्यानं टाकून दिलेला जो संगणक शाळेला दान मिळाला होता, त्यावर मी ती सगळी घरं टाइप केली. त्या यंत्राला मराठी येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिली. घरटी माणसं निघाली सहा पूर्णांक तीन. मी सरासरी काढली आणि माणसं विसरून गेले.

"गुणीनं काय सांगितलं हुतं?" मलप्पानं विचारलं.

मला आठवत नव्हतं. मला लाज वाटली, आजही वाटते.

ती फ्लॉपी माझ्या घरी लॉगटेबलाच्या पुस्तकात होती. फ्लॉपी म्हणजे पापडासारखी पातळ, मोठी चौकोनी चकती, तिच्यात लिहिलेलं राहतं. ती फिरवून वाचणारं यंत्र म्हणजे ड्राइव्ह. ही फ्लॉपी त्या कारखान्याच्या जुन्या ड्राइव्हखेरीज कशातच वाचता येत नव्हती. तो ड्राइव्ह पडक्या शाळेतून मीच मुख्याध्यापकांना विचारून आणला होता आणि पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला होता. शाळेची भिंत पडली तेव्हा त्याचा डबा पार चेपला, आतलं यंत्र तेवढं शाबूत राहिलं.

मी ते पोतं घेऊन नांदेडला अनयकडं गेले. अनय माझा जुना विद्यार्थी, स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान. मला तो अजूनही भितो, ही माझी पुण्याई. त्यानं आठ दिवस झटून त्या ड्राइव्हला एका जुन्या संगणकाची वायर जोडली. मग फोन केला.

"मॅडम, फिरून राहिलाय! पण दोन भानगडी. एक म्हणजे डबा न्हाई, विजेचा भाग उघडा हाय. मला काल असा झटका बसला की माझी आजी आठवली. दुसरं, शेजारी पिठाची गिरणी हाय. तिची मोटर लागली की वाचलेलं सगळं गिचमिड होऊन येतं. ह्याला जाड पत्र्याचा बंद डबा पाहिजे, अर्थिंग दिलेला. बाजारात मिळत न्हाई. मापानं करून घ्यावा लागंल."

मी म्हणाले, "जाड पत्र्याचं माझ्यावर सोड."

"अन् हवा जायला भोकं पाहिजेत मॅडम. न्हाईतर तापंल."

मलप्पानं मापं आनंदानं घेतली. भोकं म्हणताच हातातली पट्टी खाली ठेवली.

"भोकाची पेटी माझ्या दुकानातून जाणार न्हाई."

"अहो, यंत्र तापेल आत."

"तापू द्या. भोकातून उंदीर शिरंल, मुंगी शिरंल. तीस वर्षं झाली, माझ्या पेटीत कधी मुंगी न्हाई गेली."

मी त्याला उष्णता कशी वाहते ते समजावलं. खडूनं दुकानाच्या फरशीवर आकृती काढली. बारावीच्या पोरांना जे चाळीस मिनिटांत कळतं ते मी त्याला दीड तास सांगितलं. तो मान हलवत ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बाई, तुमी शिकवता लई चांगलं. पर भोकं न्हाई." मी तणतणत वर निघून आले. तीन दिवस आमचं बोलणं बंद.

चौथ्या दिवशी तोच जिना चढून वर आला, भरल्या वर्गात.

"बाई, दुधाच्या कपाटाला जाळी असती का न्हाई?"

"असते."

"तिच्यातून मुंगी जाती का?"

"पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, म्हणून जात नाही."

"मंग झालं. ह्याला बी जाळी करू, वाट्या ठेवू. हे तुमी न्हाई सांगितलेलं, मला सुचलंय." आणि तो माझ्या साठ पोरांकडं विजयी मुद्रेनं बघत खाली गेला.

त्यानं खिळ्यानं एकेक करून तीनशेच्या वर भोकं पाडली, दोन्ही बाजूंना कमळाच्या आकारात. मी म्हणाले होते राखाडी रंग द्या, म्हणून अर्थातच राणी कलर दिला. झाकणाला बिजागरी, कडी-कोयंडा, कुलूप, वर उचलायला मूठ. मी विचारलं, याला कुलूप कशाला? तर म्हणाला, कुलूप नसल्यावर तिला पेटी कसं म्हणायचं? होस्टेलच्या पोरांच्या पेटीवर नाव-गाव लिहायची त्याची रीत होती. तीही त्यानं चुकवली नाही. पांढऱ्या रंगात, वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: गुणाबाई मलप्पा, तळणेवाडी. ते वाचून मी राखाडी रंगाबद्दल पुन्हा बोलले नाही.

शनिवारी अनय लातूरला आला आणि त्यानं ड्राइव्ह पेटीत स्क्रूनं घट्ट बसवून दिला. त्याचा तो जुना संगणक नांदेडला होता, म्हणून रविवारच्या पहिल्या एसटीनं आम्ही तिघं निघालो. फ्लॉपी माझ्या पर्समध्ये, लॉगटेबलाच्या पुस्तकासकट. पेटी मलप्पाच्या मांडीवर. अहमदपूर, लोहा, आणि त्यामधले एकूण एक खड्डे. प्रत्येक खड्ड्याला मलप्पा पेटी उचलून धरायचा, एकदा आडवी, एकदा उभी.

कंडक्टर आला. "काय हाय पेटीत? लगेज लागंल."

"बायको हाय," मलप्पा म्हणाला.

कंडक्टरनं पेटीवरचं नाव वाचलं. मग भोकांकडं पाहिलं. मग मलप्पाकडं. तिकीट न फाडता तो जो पुढं गेला तो नांदेड येईपर्यंत आमच्या बाजूला फिरकला नाही.

अनयच्या दुकानात पोचलो तेव्हा बारा वाजले होते. गिरणी सुरू होती, बरंच झालं, खरी परीक्षा होणार होती. अनयनं वायर जोडल्या. मी फ्लॉपी काढायला लागले तर म्हणाला, "थांबा मॅडम, आधी एक रिकामी घालून बघू." त्यानं रिकामी फ्लॉपी आत सरकवली आणि बटण दाबलं.

आतून असा आवाज आला, जसा कुणी खापरावर लाह्या फोडतंय. मग खरवडल्याचा. मग हळद तापल्याचा वास सुटला.

अनयनं झडप घालून वीज बंद केली आणि फ्लॉपी ओढून काढली. चकतीवर गोलाकार ओरखडा होता, अगदी कंपासनं काढल्यासारखा. आणि त्या ओरखड्यात पिवळी पूड. त्यानं कुलूप उघडून झाकण वर केलं. आत ज्वारी होती. सगळीकडं ज्वारी, आणि यंत्रावर भंडारा उधळलेला.

"हे कुणी केलं?" अनय ओरडला.

मलप्पानं साधेपणानं सांगितलं, "मी. काल तुमी च्या प्यायला गेलाव तवा."

"का पण?"

"रिकामी पेटी देत नसतेत बाबा कुणाला. माझी आय सांगायची, रिकामं दिलं की रिकामंच ऱ्हातं. पाच बोटांत मावंल एवढी जोंधळं, वर मल्लय्याचा भंडारा. आजपावतर एक पेटी मी रिकामी दिली न्हाई. लातूरची पोरं उगं डॉक्टर व्हायलीत का?"

"अहो काका, ती रिकामी न्हवती! यंत्र व्हतं की आत!"

"यंत्र म्हंजे काय धान्य हाय का?"

अनय डोक्याला हात लावून खाली बसला. मी मात्र त्या ओरखड्याकडं बघत होते. रिकामी फ्लॉपी आधी घातली नसती तर तो ओरखडा तळणेवाडीवर पडला असता. मलप्पालाही ते उमगलं. माझ्या हातातल्या लॉगटेबलाकडं त्यानं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "म्हंजे मी आत्ता तिला पुसून टाकली असती," तो म्हणाला.

मी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "रडायचं नंतर. आधी ज्वारी काढा."

ब्रशनं भंडारा झाडला, सायकलच्या पंपानं कानाकोपऱ्यात हवा मारली, चिमट्यानं दाणे वेचले. मी ते मोजले: एकशे पंचावन्न. अनय म्हणाला, झाले सगळे. मी म्हणाले, कशावरून? यंत्रात एक दाणा राहिला तरी चकती गेली. घातले किती होते?

"पाच बोटांत मावतेत तेवढे," मलप्पा म्हणाला.

शेजारच्या गिरणीतून ज्वारी मागवली. मलप्पाला तीनदा पाच बोटांची चिमूट घ्यायला लावली आणि मोजली. एकशे त्रेसष्ट, एकशे एकोणपन्नास, एकशे छप्पन्न. सरासरी एकशे छप्पन्न.

"मंग एक आत हाय," मलप्पा म्हणाला.

"असं नसतं मलप्पा. सरासरी म्हणजे अंदाज. पाच-सात इकडंतिकडं होणारच."

"अंदाज कसा? तुमीच काढलाव की. एक दाणा आत हाय." तो हटेना. मी गणित शिकवते, मी त्याला चूक ठरवत होते, आणि तो माझ्याच गणिताच्या बाजूनं माझ्याशी भांडत होता. शेवटी कटकट नको म्हणून अनयनं यंत्राचा पट्टा सोडवला. चाकाच्या मागं एक दाणा अडकलेला होता. फक्त एक. त्यानंतर दहा वेळा पेटी उलटी करून बघितली, दुसरा निघाला नाही. हा निव्वळ योगायोग होता हे मी आजही शपथेवर सांगेन, पण मलप्पा माझ्याकडं गुरूकडं बघावं तसं बघत होता, म्हणून गप्प बसले.

दुसरी रिकामी फ्लॉपी घातली, तिच्यावर चार ओळी लिहून परत वाचल्या. गिरणी धडधडत होती आणि पेटी शांतपणे घुमत होती. एक अक्षर गिचमिड आलं नाही. अनयनं पत्र्याला हात लावून बघितला. "थंड हाय," तो म्हणाला. "काका, भोकं भारी पाडलीत."

मग मी लॉगटेबल उघडलं. फ्लॉपीच्या कडेला बुरशी धरली होती. अनय म्हणाला, "मॅडम, एकदाच वाचंल ही. वाचलं की लगेच कॉपी करतो." मलप्पानं चपला काढल्या. का ते त्याला विचारलं नाही, मीही काढल्या.

पडद्यावर घरं उतरायला लागली. एक, दोन, तीन. मी टाइप केलेली, मीच विसरलेली. गुरव, कुंभार, पाटलाचा वाडा, शाळेमागची झोपडी. बाराव्या घराच्या पुढं मला नीट दिसेना म्हणून चष्मा पुसला. दोनशे बारावं घर आलं आणि अनय म्हणाला, "झालं. सगळं आलं."

मलप्पाला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. मी त्रेचाळीस नंबरचं घर वाचून दाखवलं. माणसं तीन, जनावरं दोन म्हशी, शिकलेली एक, पाणी पाटलाच्या विहिरीचं. आणि पाचवा प्रश्न, तुमच्या मनात काय आहे? सांगणार, गुणाबाई. पोरानं नियमाप्रमाणे जसंच्या तसं लिहून घेतलं होतं:

"मालकानं लातूरला दुकान टाकावं. इथं पेट्या कोण घेतंय. पर मालक उलट्या डोक्याचे हायेत. जा म्हणलं की जायचे न्हाईत. म्हणून मी रोज नका जाऊ म्हणते. हे मालकाला सांगू नका."

मी नऊ वर्षं त्या बाईचा शब्द पाळला होता, तोही विसरल्यामुळं.

मलप्पा म्हणाला, "परत वाचा."

मी परत वाचलं. "नका जाऊ" पाशी तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "मला फसवलं की हिनं," तो म्हणाला. "रोज सांजच्याला भांडायची, बाई. भाकरी आदळायची. मला वाटायचं, लई राग हाय हिला." मग त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "हे कागदावर लिहून द्या. मराठीत. मला अर्धापूरला जायचंय."

मी लिहून दिलं, खाली सही केली. त्यानं कागदाची घडी केली आणि पुन्हा उलगडली. "न्हाई. सुकन्या म्हणंल, बापानं कुणाकडून बी लिहून आणलं. ती माझ्यासारखीच हाय. तुमी चला."

अर्धापूरला पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. केळीच्या बागेला लागून घर होतं. सुकन्या दारात आली, तिशीची, कपाळावर बापासारखीच आठी. बापाकडं न बघता तिनं मला पाणी दिलं. मलप्पा ओसरीच्या पायरीवर बसला, वर चढला नाही. मी कोण ते सांगितलं आणि कागद वाचला.

सुकन्यानं कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. दोनदा.

"अप्पा," ती म्हणाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "हे स्थळ आलं तवा आई मला काय म्हणली हुती, ठाव हाय तुमाला?"

"काय?"

"केळीवाल्याच्या घरात पडू नको म्हणली. एवढ्या लांब जाऊ नको, गावातलंच स्थळ बघू. रोज म्हणायची. तवाच मी हट्टाला पेटले, केलं तर हितंच करीन म्हणून."

मलप्पानं मान वर केली. मी मध्ये होते आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

सुकन्या खाली उतरली आणि बापाशेजारी पायरीवर बसली.

"दोघांनाबी बाहीर काढलं की वो तिनं, अप्पा," ती म्हणाली. "आन् तिला जा म्हणणारं कुणी नव्हतं."